रिव्हॉल्व्हर, लष्करी : ओळख व परीक्षण

सैन्याच्या साठ्यातून कमी केलेले आणि कालांतराने खाजगी मालकीत आलेले रिव्हॉल्व्हर कोणत्या नमुन्याचे आहे, ते कोणी व केव्हा बनविले, मुळात ते कोणत्या काडतुसासाठी होते आणि आज त्यात कोणते काडतूस बसते, हे अंगावरील खुणा व मोजमापे यांवरून ठरविणे म्हणजे त्याची ओळख होय. पहिले तीन प्रश्न संग्राहकाच्या जिज्ञासेचे आहेत. चौथ्या प्रश्नावर मात्र वापरणाऱ्याची सुरक्षितता आणि भारतीय कायद्यात त्या शस्त्राला मिळणारा वर्ग, या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात. हे परीक्षण खरेदीपूर्वी व्हावे हे उत्तम. प्रत्यक्षात ते बहुधा खरेदीनंतरच होते. [⟶ पिस्तूल, बंदूक].

मराठवाड्यात अशी शस्त्रे आढळण्यास ऐतिहासिक कारणे आहेत. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. ही फौज १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली, तरी छावणी कायम राहिली. शहरापासून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चितेगावसारखी गावे सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. अशा गावातील परवानाधारकाकडे जुने लष्करी रिव्हॉल्व्हर येण्याचे मार्ग तीन : वारसा, परवानाधारक शस्त्रविक्रेता आणि निवृत्त लष्करी अधिकारी. सेवेतील प्रमाणित नमुन्यांबाहेरची शस्त्रे अधिकाऱ्यांना विकत देण्याची पद्धत सैन्यात होती व त्यांतील काही पुढे नागरिकांच्या हाती गेली. तिन्ही मार्गांत शस्त्राचे वर्णन एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर जसेच्या तसे उतरविले जाते. पहिल्या नोंदीत ‘वेब्ली’ एवढेच लिहिले असेल, तर पुढच्या दोन पिढ्या तेवढेच लिहितात.

परीक्षणाचा आरंभ नेहमी शस्त्र रिकामे करण्याने होतो. इंग्रजी बनावटीच्या बहुतेक लष्करी रिव्हॉल्व्हरांत चौकटीच्या मागील बाजूस असलेली कळ दाबली असता नळी पुढे व खाली कलते, दंडगोल उघडा पडतो आणि निष्कासक काडतुसे वर उचलतो. अमेरिकी बनावटीत दंडगोल डाव्या बाजूस बाहेर झुलतो. या एकाच हालचालीने दोन मोठी घराणी वेगळी होतात.

भारतात आढळणारे प्रमुख नमुने थोडेच आहेत. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलेल्या ·४५५ इंची वेब्लीचे क्रमाने सहा नमुने निघाले. त्यांपैकी मे १९१५ मध्ये स्वीकारलेला सहावा नमुना (मार्क ६) सर्वांत अधिक आढळतो. त्याची नळी सहा इंच (सु. १५ सेंमी.), मूठ चौकोनी तळाची आणि वजन एक किलोग्रॅमहून थोडे अधिक असते. एवढे जड शस्त्र नवशिक्या सैनिकाला पेलत नाही, या अनुभवावरून युद्धानंतर लहान छिद्राचा विचार सुरू झाला व १९३२ मध्ये ·३८० इंची ‘एन्फील्ड क्रमांक २’ प्रचारात आले. याची नळी पाच इंच असते. १९३८ च्या सुधारित प्रकारात घोड्याचे वरचे बोट काढून टाकलेले असते. रणगाड्यातून चढउतार करताना ते अडकते, असे त्याचे कारण सांगितले जाते. वेब्ली कंपनीचे स्वतःचे ·३८० इंची ‘मार्क ४’ हे एन्फील्डशी इतके मिळतेजुळते आहे, की आपल्या आराखड्याचा उपयोग केल्याबद्दल कंपनीने ब्रिटिश सरकारकडे भरपाई मागितली व तिला १,२५० पौंड मिळाले. नवख्या परीक्षकाची येथेच गफलत होते. त्यांतील फरक बाह्य रेषांत नसून यंत्रणेत आहे : एन्फील्डच्या चौकटीची एक बाजू झाकणासारखी सुटी होते, वेब्लीची होत नाही. चौथा नमुना दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून आलेल्या ‘स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी’चा. त्याच्या मुठीच्या तळाशी अनुक्रमांकापूर्वी इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील अ‍ॅडम्ससारखी टोपीवर उडणारी रिव्हॉल्व्हरे आता संग्रहालयाचाच विषय आहेत.

खुणा : चौकटीवर निर्मात्याचे नाव, नमुना व वर्ष ठसविलेले असते. रुंद पात्याच्या बाणाची खूण ब्रिटिश शासनाच्या मालकीची द्योतक असून तिच्याखाली इंग्रजी ‘आय’ अक्षर असल्यास ते शस्त्र हिंदुस्थान सरकारचे होते, असे समजावे. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय शासकीय शस्त्रांवर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा दिसते. दोन बाण टोकाला टोक भिडवून ठसविले असतील, तर ते शस्त्र सेवेतून रीतसर कमी केलेले आहे. ‘एफ.टी.आर.’ या तीन अक्षरांपुढील वर्ष हे कारखान्यातील संपूर्ण दुरुस्तीचे वर्ष असते, निर्मितीचे नव्हे. ही गल्लत विक्रीच्या वर्णनांत फार आढळते. बाण मुळीच नसणे हे बनावटपणाचे लक्षण मानू नये. ब्रिटिश अधिकारी आपले रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घेत व लंडनच्या किंवा मुंबईच्या दुकानदाराचे नाव त्यावर कोरलेले असे.

अनुक्रमांक चौकट, नळी व दंडगोल यांवर स्वतंत्रपणे पाहावा लागतो. तो तिन्ही ठिकाणी एकच असेल, तर शस्त्र मूळचे अखंड आहे. दंडगोलाचा क्रमांक वेगळा असल्यास तो भाग बदललेला असतो व त्याची नळीशी जुळणी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी लागते. क्रमांकाचे महत्त्व न्यायालयातही आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या हत्येत वापरलेले शस्त्र रिव्हॉल्व्हर नसून इटलीच्या लष्करी बनावटीचे बेरेट्टा पिस्तूल होते. ते ६०६८२४ या क्रमांकाने ओळखले गेले आणि ग्वाल्हेरपर्यंतचा त्याचा माग खटल्यात मांडला गेला.

दंडगोल व काडतूस : खुणा शस्त्राचा भूतकाळ सांगतात, त्याची आजची स्थिती दंडगोलाची कोठीच सांगते. नळीवर ‘·३८’ असे कोरलेले असणे पुरेसे नाही, कारण या आकड्याची किमान दोन भिन्न काडतुसे प्रचारात आहेत. ब्रिटिश सेवेतील ·३८० काडतुसाचे कवच सु. १९·५ मिमी. लांब व सु. ९·८ मिमी. व्यासाचे असते. त्याची मूळची शिशाची गोळी २०० ग्रेन (सु. १३ ग्रॅम) वजनाची होती. ‘·३८ स्पेशल’ या अमेरिकी काडतुसाचे कवच सु. २९ मिमी. लांब, पण थोडे बारीक असते. युद्धानंतर विक्रीस आलेल्या अनेक व्हिक्टरी रिव्हॉल्व्हरांच्या कोठ्या लांब कापून त्यांत हे दुसरे काडतूस बसेल असे केले गेले. मूळ कोठी रुंद असल्याने बारीक कवच उडताना मध्येच फुगते व कधी उभे चिरते. इंग्लंडमधील दाब-चाचणीची मुद्रा येथे उपयोगी पडते. तिच्यात छिद्र, कवचाची लांबी व दाब ही तिन्ही असतात. ‘·३८, ·७६७ इंच, ३½ टन’ अशी मुद्रा असलेल्या दंडगोलात २९ मिमी. लांबीचे कवच पूर्ण आत जात असेल, तर चाचणीनंतर कोठी कापली गेली आहे, हे निर्विवाद ठरते.

वेब्ली मार्क ६ च्या बाबतीत धोका याहून मोठा. ·४५५ काडतुसे दुर्मिळ झाल्याने अनेक दंडगोलांची मागील बाजू तासून त्यांत अमेरिकी ·४५ स्वयंभारित पिस्तुलाचे काडतूस बसेल असे करण्यात आले. या काडतुसाचा दाब वेब्लीला कारखान्यात दिलेल्या चाचणीच्या दाबाहूनही अधिक असतो, त्यामुळे दंडगोल फुटू शकतो. तासलेल्या दंडगोलाची मागील बाजू व चौकट यांत नेहमीपेक्षा रुंद फट दिसते. खरेदीदाराने ती प्रथम पाहावी.

कायद्यातील स्थान : १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांनी ‘·३८० किंवा ·४५५ कडायुक्त काडतूस भरता व उडविता येईल असे कोणत्याही छिद्राचे’ पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर निषिद्ध वर्गात घातले व त्याच्या परवान्याचा अधिकार केंद्र शासनाकडे ठेवला. नियमाची कसोटी नाव, वय किंवा नळीवरील आकडा ही नसून काडतूस ही आहे, हे लक्षणीय होय. म्हणूनच एन्फील्ड, वेब्ली व व्हिक्टरी ही तिन्ही एकाच वर्गात येतात. याउलट कानपूर येथील आयुध निर्माणीचे ·३२ इंची रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच आराखड्यावर आधारलेले व दिसण्यातही तसेच असूनही सामान्य परवान्यावर मिळते. दोन्ही शेजारी ठेवली असता अनभिज्ञ माणसाला फरक कळणार नाही. कायद्याने मात्र त्यांत दोन टोकांचे अंतर आहे. नियमांची २०१६ मध्ये पुनर्रचना झाली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याविना शस्त्राचे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात रूपांतर करण्यास अधिनियमातच स्पष्ट बंदी आली. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोन केली.

‘शस्त्र जुने आहे, म्हणून परवाना नको’ ही समजूत ग्रामीण भागात दृढ आहे. अधिनियमाच्या ४५ व्या कलमातील सवलत केवळ कालबाह्य, पुराणवस्तुमूल्याच्या किंवा नादुरुस्त अशा शस्त्रांना आहे, आणि तीही दुरुस्ती करूनही ती उडविता येणार नसतील तरच. १९१६ चे वेब्ली शंभरी ओलांडूनही आज उडू शकते. त्यास ही सवलत नाही.

आठव्या कलमाकडे नव्या मालकाचे सहसा लक्ष नसते. शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह खोडणे, काढणे किंवा बदलणे हा गुन्हा असून असे शस्त्र ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच ते कृत्य केले, असे कायदा उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरतो. गंजलेले रिव्हॉल्व्हर कारागिराकडे देऊन घासून, नवा निळा मुलामा देऊन घेण्याची हौस येथे अंगलट येते, कारण उथळ ठसे घासण्यातच नाहीसे होतात. शस्त्र साफ करण्यापूर्वी सर्व ठशांची छायाचित्रे घेणे व मोजमापे लिहून ठेवणे हा त्यावर साधा उपाय आहे.

घासलेला क्रमांक पुष्कळदा परत वाचता येतो. ठसा मारताना त्याखालील पोलाद दाबले जाऊन त्याची स्फटिकरचना बदलते. वरचा थर गेला, तरी दाबलेला थर आत उरतो. हायड्रोक्लोरिक अम्ल व कॉपर क्लोराइड यांचे द्रावण लावले असता दाबलेला व न दाबलेला भाग वेगवेगळ्या गतीने झिजतो आणि अंक क्षणभर उमटतात. हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत होते. राज्याची मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कालिना येथे असून छत्रपती संभाजीनगर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. ठसा ज्या खोलीपर्यंत दाबला गेला असेल त्याहून खोल घासले गेल्यास मात्र अंक कोणत्याही द्रावणाने परत येत नाहीत.