दिलेला हक्क परत केव्हां घेतां येतो?

सरकारी मोहोर उमटलेला कागद एकदां हातीं आला कीं तो कायमचा, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः परवाना काय किंवा प्रमाणपत्र काय, तो हक्क अटींनीं बांधलेला असतो. आणि तो परत घेण्याची सत्ताही तितकीच नियमांनीं बांधलेली असते. शेतकरीवर्गाशीं निकट संबंध आलेलें एक प्रकरण घेऊन हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

पिकांचे वाण व शेतकऱ्यांचे हक्क यांच्या संरक्षणाचा कायदा भारतांत २००१ सालीं झाला. त्या अन्वयें वाण निर्माण करणारास त्याची नोंदणी करून विक्रीचा विशेष हक्क मिळवितां येतो. वृक्ष व वेली यांच्या बाबतींत हा हक्क जास्तींत जास्त १८ वर्षें व इतर पिकांच्या बाबतींत १५ वर्षें टिकतो. परंतु मुदत संपण्यापूर्वींही तो रद्द होऊं शकतो. कलम ३४ मध्यें त्याचीं कारणें दिलीं आहेत. त्यांपैकीं मुख्य अशीं: अर्जांतील चुकीच्या माहितीवर नोंदणी झालेली असणें, अपात्र माणसास ती मिळालेली असणें, आवश्यक कागदपत्रें न देणें, कायद्याचें किंवा प्राधिकरणाच्या आज्ञेचें पालन न करणें, आणि नोंदणी सार्वजनिक हिताविरुद्ध असणें. हितसंबंधी कोणाही व्यक्तीस तसा अर्ज करतां येतो. मात्र हक्कदाराचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून हक्क काढून घेतां येत नाहीं.

आतां प्रकरण पाहूं. पेप्सिको कंपनीच्या ‘एफएल २०२७’ या बटाट्याच्या वाणाची नोंदणी फेब्रुवारी २०१६ मध्यें झाली. एप्रिल २०१९ मध्यें कंपनीनें गुजराथेंतील कांहीं शेतकऱ्यांवर, परवानगीवांचून हा वाण लावल्याबद्दल, दावे लाविले. कांहींजणांकडून तर प्रत्येकीं एक कोटी रुपयांहून अधिक भरपाई मागितली. देशभर ओरड झाली व मे महिन्यांत दावे मागें घेण्यांत आले. परंतु त्याच वर्षीं कविता कुरुगंटी यांनीं नोंदणीच रद्द करावी असा अर्ज केला. अर्जांतील माहिती व कागदपत्रें सदोष ठरवून प्राधिकरणानें ३ डिसेंबर २०२१ रोजीं नोंदणी रद्द केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं ५ जुलै २०२३ रोजीं तो निर्णय कायम केला. परंतु ९ जानेवारी २०२४ रोजीं त्याच न्यायालयाच्या द्विसदस्य पीठानें तो फिरविला.

यावरून काय घ्यावयाचें? अर्जांत चूक सांपडली एवढ्यानें हक्क आपोआप कोसळत नाहीं. ती चूक नोंदणीच्या पात्रतेसच धक्का देणारी असावी लागते. म्हणून दुसऱ्याची नोंदणी आज ना उद्यां रद्द होईल, या आशेवर कोणीं आपला व्यवहार उभारूं नये.

सुदैवानें शेतकऱ्यास तसें करण्याचें कारणही नाहीं. त्याचा स्वतःचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ३९ मध्यें स्वतंत्रपणें सांगितलेला आहे. नोंदलेल्या वाणाचें घरचें बियाणें राखणें, पेरणें, पुन्हां पेरणें, अदलाबदल करणें, वांटणें व विकणें यांस त्यास पूर्वींप्रमाणेंच मुभा आहे. मनाई एवढीच कीं, तें बियाणें संरक्षित वाणाचें म्हणून पिशवींत भरून, नांवाची चिठ्ठी लावून विकूं नये. असा हक्क अस्तित्वांत आहे हेंच ज्या शेतकऱ्यास ठाऊक नव्हतें, त्यानें हक्कभंग केला असें कलम ४२ प्रमाणें मानतां येत नाहीं. शिवाय या कायद्याखालीं प्राधिकरणापुढें अथवा उच्च न्यायालयांत जाण्यास कलम ४४ अन्वयें शेतकऱ्यास फी पडत नाहीं.

तेव्हां आमच्या वाचकांस आमची सूचना इतकीच: बियाणें कोठून आणलें, केव्हां पेरलें व कोणास दिलें याचें टिपण ठेवावें, पावती जपावी, आणि नोटीस आल्यास घाबरून कोऱ्या कागदावर सही न करितां प्रथम जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. दुसऱ्याचा हक्क राहो वा जावो, आपला हक्क आपणांस माहीत असला पाहिजे.