सायलेन्सर बदललात? मग कार्बोरेटरही ट्यून करा

गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारीतल्या स्त्रिया बुलेट चालवतात. पहिल्या गिअरवर रांगताना इंजिन तापतंच. मोकळा सायलेन्सर बसवून कार्बोरेटर तसाच ठेवला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन आणखी तापतं.

● लक्षणं : ॲक्सिलरेटर सोडताच फटफट आवाज, रेस उशिरा उतरणं.

● प्लग पाहा : पांढरट असेल तर पेट्रोल कमी, काजळी धरली असेल तर जास्त, फिकट तपकिरी असेल तर बरोबर.

● कुठे काय : पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, मधल्या टप्प्यात नीडल, पाऊण थ्रॉटलपुढे मेन जेट. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच बदल करा. आयडलिंग शेवटी, गरम इंजिनावर.

● टू-स्ट्रोक : यामाहा आरएक्स १०० सारख्या गाडीत मिश्रणात पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन जाम होऊ शकतो.

● कायदा : मोटार वाहन कायदा, कलम १९०(२). आवाजाची मर्यादा ओलांडल्यास पहिल्या गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय ३ महिने लायसन्ससाठी अपात्र.

आवाजाचा त्रास रुग्णांनाही होतो. मुंबईत परळमध्ये केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. रुग्णालयाभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकतं. सायलेन्सर आवाजाच्या मर्यादेत बसणाराच घ्या आणि त्याचा बॅफल (आवाज कमी करणारा आतला भाग) काढू नका.