दहा सामने, दोन विजय : मार्शल विद्यापीठाचा १९७१ चा हंगाम

अमेरिकेतील लहान शहरांत महाविद्यालयीन फुटबॉल हा केवळ विद्यार्थ्यांचा विरंगुळा नसतो. शनिवारचा सामना म्हणजे साऱ्या गावाचा सण, आणि प्रशिक्षकाचे मूल्यमापन होते ते जय-पराजयाच्या आकड्यांवर. हा निकष लावल्यास वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हंटिंग्टन शहराच्या मार्शल विद्यापीठाचा १९७१ चा हंगाम अपयशीच म्हणावा लागेल. नवे मुख्य प्रशिक्षक जॅक लेंगेल यांच्या हाताखाली हा संघ दहा सामने खेळला आणि त्यांतील आठ हरला. तरीही या खेळाच्या इतिहासात तो हंगाम आदराने सांगितला जातो. त्याचे कारण आदल्या वर्षीच्या घटनेत आहे.

१४ नोव्हेंबर १९७० रोजी नॉर्थ कॅरोलायनात ईस्ट कॅरोलायना संघाकडून १७-१४ असा पराभव पत्करून मार्शलचा संघ खास विमानाने परतत होता. पावसाळी, धुकट रात्री हंटिंग्टनच्या विमानतळाजवळील टेकडीवर ते विमान कोसळले. त्यातील सर्व ७५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ३७ खेळाडू, मुख्य प्रशिक्षक रिक टॉली, त्यांचे सहकारी आणि संघासोबत गेलेले शहरातील अनेक नागरिक होते. धावपट्टी दृष्टिपथात नसताना विमान निर्धारित किमान उंचीच्या खाली आले, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. ते खाली का आले, हे मात्र निश्चितपणे सांगता आले नाही.

फुटबॉल बंदच करावा का, हा प्रश्न त्यानंतर विद्यापीठापुढे उभा राहिला. तो अनाठायी नव्हता. शोकाकुल शहरावर पुन्हा खेळ लादणे काहींना क्रूरपणाचे वाटत होते. उलट संघ मोडला तर गेलेल्यांची स्मृतीही विरून जाईल, असे इतरांना वाटत होते. विद्यार्थ्यांनी संघ टिकवण्याचा आग्रह धरला आणि अखेर तसा निर्णय झाला. १९७१ च्या वसंतात ओहायोतील वूस्टर या छोट्या महाविद्यालयातून लेंगेल आले. अपघाताच्या वेळी विमानात नसल्याने बचावलेले सहायक प्रशिक्षक रेड डॉसन यांनी त्या एका हंगामापुरती त्यांना साथ दिली.

पहिली अडचण खेळाडूंची होती. दुखापत वा अन्य कारणाने त्या दिवशी प्रवास न केलेले मोजकेच अनुभवी खेळाडू उरले होते. त्या काळच्या नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळता येत नसे. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने मार्शलपुरता हा नियम शिथिल केला. पुढे १९७२ पासून ही मुभा सर्वांनाच मिळाली. अन्य खेळांतील विद्यार्थीही मैदानावर उतरले.

दुसरी अडचण डावपेचांची. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला शरीरबळाने रेटून वाट काढावी लागते. कोवळ्या वयाच्या, वजनाने हलक्या मुलांना ते साधणारे नव्हते. लेंगेल यांनी ‘व्हीअर’ नावाची पद्धत स्वीकारली. तीत बचाव फळीतील एका खेळाडूला मुद्दाम न अडवता सोडून दिले जाते. तो कोणाच्या अंगावर धावतो हे पाहून क्वार्टरबॅक चेंडू जवळच्या साथीदाराकडे सोपवतो, स्वतः पळतो किंवा बाजूला फेकतो. म्हणजे ताकदीची उणीव क्षणार्धातील निर्णयाने भरून काढायची. ही पद्धत शिकवण्यासाठी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाऊडन यांनी आपल्या संघाच्या चित्रफिती आणि टिपणे मार्शलच्या प्रशिक्षकांपुढे खुली केली. त्याच राज्यातील दुसऱ्या संघाने दाखवलेला हा उमदेपणा विसरण्याजोगा नाही.

पहिल्या सामन्यात मोरहेड स्टेटने मार्शलला २९-६ असे नमवले. घरच्या मैदानावरील पहिला सामना २५ सप्टेंबर १९७१ रोजी झेवियरशी झाला. अखेरचे काही क्षण उरले असता मार्शल १३-९ असा मागे होता. शेवटच्या डावात रेगी ऑलिव्हर याने टेरी गार्डनरकडे चेंडू फेकला, गार्डनर १३ यार्ड धावत अंतिम रेषेपलीकडे पोहोचला आणि मिळालेल्या सहा गुणांनी सामना १५-१३ असा जिंकला गेला. ऑक्टोबरअखेर बोलिंग ग्रीनला १२-१० असे हरवले. उरलेले पराभव मात्र दारुण होते. ओहायोतील मायामी विद्यापीठाने तर ६६-६ अशी धूळ चारली.

या दोन विजयांनी संघाचा भाग्योदय लगेच झाला, असे मानणे चुकीचे ठरेल. लेंगेल १९७४ पर्यंत राहिले. चार हंगामांत त्यांच्या वाट्याला ९ विजय आणि ३३ पराभव आले. पराभवांपेक्षा विजय अधिक असलेला हंगाम पाहण्यासाठी हंटिंग्टनकरांना १९८४ पर्यंत थांबावे लागले. त्यानंतर १९९२ आणि १९९६ मध्ये आपल्या श्रेणीतील राष्ट्रीय विजेतेपद मार्शलने मिळवले. २००६ मध्ये ‘वी आर मार्शल’ या चित्रपटाने ही कथा जगभर नेली.

विद्यापीठाच्या आवारात १९७२ मध्ये मृतांच्या स्मरणार्थ कारंजे उभारण्यात आले. दरवर्षी १४ नोव्हेंबरला त्याचे पाणी बंद होते, ते वसंत ऋतूत पुन्हा सुरू केले जाते. १९७१ चा प्रश्न किती सामने जिंकायचे हा नव्हताच. पुढच्या शनिवारी मैदानावर संघ उतरणार की नाही, हा होता. त्या वर्षी तो दहाही वेळा उतरला.