शिबिर संपल्यावर कार्यकर्त्याला काय करता आलं पाहिजे?

आपल्या वस्त्यांमध्ये शिबिरं कमी होत नाहीत. त्रिशरण-पंचशील होतं, दोन-तीन व्याख्यानं होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. तरीही गावात अत्याचाराची घटना घडली की पोलीस ठाण्यात कोणी जायचं आणि काय बोलायचं, हे ठरवण्यातच रात्र जाते. शिबिरात माहिती मिळते, सराव होत नाही. क्षमता बांधणी म्हणजे काल जे काम जमत नव्हतं, ते उद्या स्वतःच्या बळावर जमणं.

बाबासाहेबांनी १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली होती. सार्वजनिक काम शिकावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. वस्तीतल्या कार्यकर्त्यालाही हेच लागू आहे. असं प्रशिक्षण कसं आखायचं, ते ॲट्रॉसिटी कायद्याच्या उदाहरणातून पाहू.

१. आधी काम ठरवा, मग विषय

'कायद्याची जनजागृती' हे उद्दिष्ट मोजता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'प्रशिक्षणानंतर प्रत्येक जण घटनेची फिर्याद लिहू शकेल, एफआयआरची प्रत मागू शकेल आणि पुढचा पाठपुरावा करू शकेल.' या तीन कामांना जे लागत नाही, ते वगळा. १९८९ चा कायदा आणि १९९५ चे नियम कलमवार वाचून दाखवले तर दुपारनंतर कोणी ऐकत नाही.

२. वस्तीत जाऊन विचारा

तारीख ठरवण्याआधी वस्तीत दोन बैठका घ्या. मागच्या घटनांत गाडी कुठे अडली? तक्रार घेतली नाही, साक्षीदार फिरले की अर्थसाहाय्य मिळालं नाही? उत्तराप्रमाणे भर बदलतो. महिलांना कोणती वेळ जमते, हे त्यांनाच विचारा. मजुरी बुडवून कोणी येणार नाही. दोन रविवारी तीन-तीन तास, विहारातच, वीस-पंचवीस जण एवढं पुरे.

३. निम्मा वेळ सरावाला

पहिल्या रविवारी एक काल्पनिक घटना द्या आणि प्रत्येकाला फिर्याद लिहायला लावा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोणी पाहिलं. जातीवाचक शिवीगाळ किंवा अपमानाच्या कलमांत घटना लोकांच्या नजरेसमोर घडली का, हे महत्त्वाचं ठरतं. म्हणून जागा आणि साक्षीदार यांचा उल्लेख सुटता कामा नये. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी तोंडी सांगायचा सराव करावा. तोंडी माहिती लिहून घेणं, सहीपूर्वी वाचून दाखवणं आणि प्रत देणं, हे कलम ४ प्रमाणे पोलिसांचं कर्तव्य आहे.

दुसऱ्या रविवारी एकाला ठाणे अंमलदार करा. तो म्हणेल, "आधी चौकशी करतो, मग बघू." समोरच्याने आवाज न चढवता सांगायचं की २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तरीही नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवायची. तो अर्ज तिथेच लिहून घ्या. १४५६६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा.

४. खरं प्रशिक्षण नंतर सुरू होतं

गटाला एक खरं काम द्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. मागच्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. एखादं प्रकरण चालू असेल तर अर्थसाहाय्याचा कोणता टप्पा मिळाला, ते समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. महिन्याने पुन्हा जमा आणि कोण कुठे अडलं ते बघा.

५. हजेरीवर यश मोजू नका

तीन महिन्यांनी चारच प्रश्न विचारा. किती जणांनी स्वतः अर्ज लिहिला? किती जण एकटे कार्यालयात गेले? त्यांत महिला किती? यातल्या कोणी पुढच्या वस्तीत शिकवलं का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. बाहेरच्या वक्त्याला दर वेळी बोलवावं लागत असेल, तर क्षमता त्याच्याकडेच राहिली. वस्तीतली मुलगी उभी राहून शेजारच्या वस्तीला फिर्याद लिहायला शिकवते, तेव्हा ती आपल्याकडे आली.