थकलेला मेंदू, ओली धावपट्टी

पावसाळ्यात अंधेरी-घाटकोपरच्या आकाशात विमाने घिरट्या घालू लागली, की मुलांची वाट पाहणाऱ्या आईवडिलांचा जीव कासावीस होतो. खरे तर उतरता उतरता पुन्हा वर गेलेले विमान पाहून हायसे वाटायला हवे. वैमानिकाने वेळीच विचार बदलल्याची ती खूण असते.

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी दुबईहून कोळिकोडला आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान पहिल्या खेपेस असेच वर गेले होते. मुसळधार पाऊस होता आणि कॅप्टनच्या समोरचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या विमानतळाकडे वळण्याइतके इंधनही होते. तरी दुसऱ्या खेपेस, पाठीमागून वारा असताना, विमान धावपट्टीच्या जवळजवळ निम्म्यावर टेकले आणि पुढच्या उतारावर कोसळले. २१ माणसे गेली. त्यांत पवईत राहणारे, मूळचे नागपूरचे कॅप्टन दीपक साठे होते. हवाई दलातून आलेला हा अत्यंत अनुभवी वैमानिक. दुसऱ्या सकाळी त्यांना पुन्हा उड्डाण करायचे होते. त्यामुळे तेथेच उतरण्याची ओढ वाढली असावी, असे चौकशी अहवाल म्हणतो.

त्याच अहवालातील आणखी एक नोंद मला, एका फॅमिली डॉक्टरला, अधिक अस्वस्थ करते. मधुमेहाची काही औषधे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेत होते. त्यामुळे रक्तातील साखर किंचित उतरून निर्णयशक्ती मंदावली असण्याची शक्यता तेथे वर्तवली आहे. शक्यताच, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. परंतु शेजाऱ्यांना लागू पडली म्हणून साखरेची गोळी सुरू करणारे आजोबा माझ्या दवाखान्यात दर महिन्याला येतात. वयोवृद्धांत साखर उतरली, तर घाम येईलच असे नाही. कधी नुसता हट्ट, चिडचिड किंवा गोंधळ दिसतो.

२२ मे २०१० च्या मंगळुरू अपघातात पाऊस नव्हता, झोप होती. रात्रभराच्या त्या प्रवासात कॅप्टन दीड तासाहून अधिक काळ झोपले होते. जाग आल्यावरही मेंदूवर काही काळ झापड राहते. १५८ जणांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्यास सुचवले होते.

पहाटे दोन ते सहा या वेळेत मेंदू सर्वांत मंद असतो. सलग सतरा तास जागे राहिल्यास मद्याचा अंमल चढल्यासारखी प्रतिक्रिया संथावते, आणि आपण थकलो आहोत हे थकलेल्या माणसालाच उमगत नाही. म्हणून वैमानिकांच्या विश्रांतीचे तास नियमाने बांधलेले असतात. आजारी सासऱ्यांच्या उशाशी जागणाऱ्या सुनेला मात्र असा नियम नाही. तिला एक-दोन रात्री तरी सुट्टी द्या. रात्रीच्या गोळ्या संध्याकाळीच डबीत काढून ठेवाव्या. पहाटे इन्सुलिन देण्याची वेळ आलीच, तर आकडा दुसऱ्या कुणाला मोठ्याने वाचायला सांगावा. आणि तो ‘थांब’ म्हणाला, तर सुई खाली ठेवून पुन्हा साखर तपासावी.