कागदी गांधीलमाश्यांच्या वसाहतींचा नाश

कागदी गांधीलमाश्यांच्या वसाहती निसर्गात अनेक कारणांनी संपुष्टात येतात. शत्रूंचे हल्ले, परजीवी कीटक, अन्नाची टंचाई, संस्थापक मादीचा मृत्यू, प्रतिकूल हवामान व मानवी हस्तक्षेप ही त्यांपैकी प्रमुख होत. वसाहत संपणे आणि तिच्यातील सर्व माश्या मरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रौढ माश्या अल्पायुषी असतात व सतत मरत असतात. त्यांची जागा घेणारी नवी पिढी तयार होईनाशी झाली, की वसाहत संपते.

पोळे व संगोपन

या माश्या लाकडाचे व वनस्पतींचे तंतू जबड्याने खरवडून लाळेत कालवतात आणि त्यापासून कागदासारखे पोळे बांधतात. पोळे बहुधा बारीक देठाने आधाराला टांगलेले असते. त्याच्या षट्कोनी खणांत अंडी घातली जातात. अळ्यांना स्वतः अन्न मिळवता येत नाही. प्रौढ माद्या सुरवंट व इतर कीटक मारून, चावून त्यांना भरवतात. भारतीय द्वीपकल्पात आढळणाऱ्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीत अंड्यापासून प्रौढ माशी तयार होण्यास सुमारे दोन महिने लागतात. पुष्कळ प्रौढ माद्या एवढा काळ जगतही नाहीत.

एकट्या मादीची वसाहत

रोपॅलिडिया मार्जिनाटाची नवी वसाहत एक मादी एकटीने किंवा अनेक माद्या मिळून स्थापन करतात. एकटी मादी अन्नासाठी बाहेर गेली, की पोळे राखणदाराविना राहते. ती परतली नाही, तर सर्व अळ्या उपासमारीने मरतात. समूहात मात्र एकीने अर्धवट वाढवलेली पिल्ले दुसरी पूर्णत्वास नेते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ राघवेंद्र गदगकर यांनी १९९० मध्ये हा मुद्दा सामाजिक जीवनाच्या उत्क्रांतीचे एक कारण म्हणून मांडला. अल्पायुषी मादीला एकटीने पोळे बांधण्यापेक्षा दुसरीच्या पोळ्यात राबण्याने वंशवृद्धीचा काही वाटा निश्चितपणे मिळतो, असे त्याचे सार आहे.

शत्रू व परजीवी

मुंग्या अंडी व अळ्या पळवतात. त्यांना रोखण्यासाठी अनेक जातींच्या माद्या पोटातील ग्रंथीचा स्राव पोळ्याच्या देठाला फासतात. पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली वेस्पा ट्रॉपिका ही मोठी गांधीलमाशी रोपॅलिडियाच्या पोळ्यांवर धाड घालून अळ्या व कोश खाते. अशा वेळी प्रौढ माद्या सहसा उडून जातात. त्या वाचतात, परंतु दोन महिन्यांचे संगोपन वाया जाते. पुरेशा माद्या उरल्यास नवे पोळे बांधले जाते, अन्यथा वसाहत विखुरते. मोहोळ घार हा पक्षीही गांधीलमाश्यांची पोळी तोडून अळ्या खातो.

काही परजीवी कीटकांच्या अळ्या गांधीलमाश्यांच्या अळ्यांवर व कोशांवर वाढतात. यूरोपातील पोलिस्टिस वंशाच्या माश्यांमध्ये झेनॉस हा परजीवी माशीच्या शरीरात राहतो. बाधित मादी काम न करता पोळे सोडून जाते. त्यामुळे वसाहतीतील हात कमी होतात.

अन्नाची टंचाई

शिकार दुर्मिळ झाली, की प्रौढ माद्या काही अळ्या काढून त्यांचे अन्न उरलेल्या अळ्यांना देतात. त्यामुळे वसाहत काही काळ तग धरते. पण टंचाई लांबल्यास पुढची पिढी लहान होते.

राणीचा मृत्यू

राणीच्या मृत्यूने वसाहत संपतेच असे नाही. रोपॅलिडिया मार्जिनाटामध्ये राणी व कामकरी मादी दिसण्यात सारख्या असतात. राणी नाहीशी झाल्यावर थोड्याच वेळात एक मादी अत्यंत आक्रमक होते. तिला बहुधा कोणी आव्हान देत नाही. सुमारे आठवड्याभरात ती अंडी घालू लागते आणि शांत होते. अशा रीतीने एकामागून एक राण्या येऊन वसाहत टिकू शकते.

हवामान व ऋतू

वादळाने पोळे तुटते. कडक उन्हात अळ्या मरू नयेत म्हणून माश्या पंखांनी वारा घालतात व पोळ्यावर पाण्याचे थेंब ठेवतात. थंड प्रदेशांतील पोलिस्टिसच्या वसाहती दर वर्षी शरद ऋतूत संपतात. कामकरी माद्या व नर मरतात. केवळ फलित तरुण माद्या हिवाळा काढून वसंतात नवी पोळी बांधतात. तेथे वसाहतीचा अंत हा जीवनचक्राचाच भाग असतो. दक्षिण भारतातील उष्ण हवामानात मात्र रोपॅलिडिया मार्जिनाटाच्या वसाहतींना ठरावीक अंतकाळ नसतो.

मानवी हस्तक्षेप

दंशाच्या भीतीने घराजवळची पोळी जाळली वा पाडली जातात. कीटकनाशकांमुळे माश्या मरतात आणि त्यांची शिकारही घटते. या माश्या पिकांवरील सुरवंट खात असल्याने, वर्दळीपासून दूर असलेले पोळे राहू देणे शेतीच्या हिताचे असते.