रावीच्या खोऱ्यातील चंबा

पंजाबच्या पाच नद्यांपैकी रावी ही नावाने सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु माधोपूरजवळ मैदानात उतरण्यापूर्वी ती ज्या डोंगराळ खोऱ्यातून वाट काढते, ते फारसे कोणाला ठाऊक नसते. दक्षिणेस धौलाधार, उत्तरेस पीर पंजालची रांग आणि मधून खळाळत जाणारी नदी, असा तो प्रदेश आहे. याच खोऱ्यात, सुमारे १,००० मीटर उंचीवर, हिमाचल प्रदेशातील चंबा हे लहानसे नगर वसले आहे.

येथील राजांची पहिली राजधानी चंबा नव्हे. ती आणखी वर, ब्रह्मपूर म्हणजे आजचे भरमौर येथे होती. सातव्या शतकाच्या अखेरीस मेरुवर्मा राजाने तेथे देवतांच्या धातुमूर्ती घडवून घेतल्या. त्यांवरील लेखांत राजाबरोबरच गुग्गा या कारागिराचेही नाव कोरलेले आहे. हा मान प्राचीन काळी कारागिरांच्या वाट्याला क्वचितच आला.

पुढे इ. स. ९२० च्या सुमारास साहिलवर्मा राजाने रावीचे खालचे खोरे जिंकले. दूर डोंगरात दडलेल्या भरमौरहून या नव्या मुलखाचा कारभार पाहणे सोयीचे नव्हते. म्हणून रावीच्या उजव्या काठावरील उंच सपाटीवर त्याने नवी राजधानी वसविली. कन्या चंपावती हिच्यावरून नगरास चंबा हे नाव पडले, असे परंपरा सांगते.

जागा उत्तम होती. डोंगरात दुर्मीळ अशी सपाट भूमी तेथे होती आणि पुराचे भय नव्हते. परंतु ज्या उंचीने नगर पुरापासून सुरक्षित राहिले, तिनेच त्याला पाण्यापासूनही दूर ठेवले. रावी पायथ्याशी वाहत होती, आणि तिचे पाणी वर आणायचे तर घागरी घेऊन चढण चढणे भाग होते. तेव्हा सरोटा ओढ्याचे पाणी डोंगराच्या कडेने पाट काढून नगरात आणण्याचे ठरले. असा पाट केवळ उताराच्या बळावर चालतो. मध्ये कोठे तळ थोडासा चढा राहिला, तरी पाणी तेथेच अडते.

चंब्याच्या पाटात पाणी शिरेना, त्याचे कारण मात्र आख्यायिका निराळे देते. ओढ्याच्या देवतेला राजकुळातील बळी हवा होता. राणी पुढे झाली, तिने स्वतःला जिवंत पुरून घेतले, आणि पाणी वाहू लागले.

यात इतिहास किती? साहिलवर्म्याचा पुत्र युगाकरवर्मा याच्या ताम्रपटात त्याच्या मातेचे नाव नेन्नादेवी असे आले आहे, आणि लोक त्या राणीला नैनादेवी म्हणतात. अशी राणी होऊन गेली, एवढे यावरून मानता येते. तिच्या बलिदानाला आधार लोकपरंपरेचाच आहे. त्या परंपरेने मात्र तिचा विसर पडू दिलेला नाही. टेकडीवर सुही माता म्हणून तिचे स्थान आहे. जीतसिंग राजाची राणी शारदा हिने तेथे पायऱ्यांचा मार्ग बांधून घेतला. चैत्रात तेथे जत्रा भरते. रूढीप्रमाणे ती स्त्रिया व मुले यांचीच असून पुरुषांना तीत स्थान नसे.